दोन दात वर

४ फेब्रुवारी

रविवारच्या सभेसाठी भाषणाची सुरुवात लिहून काढली. इथे उतरवून ठेवतो.

"सामाईक ट्रॅक्टरच्या माझ्या भागीदारांनो, उजवा खांदा चोळत झोपणाऱ्या आणि तोच खांदा चोळत उठणाऱ्या माझ्या मित्रांनो! बावीस वर्षं आपण एक लोखंडी दांडा उचलतो आहोत. ट्रॅक्टर शेताच्या टोकाला गेला की दांडा ओढून मागचं अवजार उचला. वळलात की सोडा. पुन्हा टोक, पुन्हा उचला. एका तुकड्याला पन्नास वेळा! आणि हा दांडा उचलण्याची ताकद आपल्या सोळा जणांत किती जणांना? चौघांना. त्यातले तिघे टाळतात. म्हणजे ट्रॅक्टर सोळा जणांचा आणि चालवणारा एक. बाकी पंधरा जण बांधावर उभे, आपली पाळी कधी येईल म्हणून!"

वाईट नाही. "बांधावर उभे" इथे थांबायचं, पाणी प्यायचं.

तो एक चालवणारा म्हणजे माझा थोरला भाऊ. दुपारी त्याच्या ओसरीत जाऊन त्याला वाचून दाखवलं. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. चार ओळी झाल्या तसा तो उठला, अख्खी खुर्ची उचलली आणि माझ्या पुढ्यात मांडून बसला. श्रोता असा सरसावून बसला की वक्त्याला आणखी काय हवं!

वाचून झाल्यावर म्हणाला, "छान आहे, वक्ते." तो मला लहानपणापासून वक्ते म्हणतो. मग थोड्या वेळाने, "त्या हायड्रॉलिकच्या दांडीतून हाताला काही कळतं का रे?"

"कळायचं काय त्यात? वीतभर दांडी. बोटाने ढकलायची. इंजिनवर पंप चालतो, पंप तेल दाबतो, तेल अवजार उचलतं. तुझ्या हाताला काम नाही."

"तेच विचारतोय," तो म्हणाला.

यंत्रांच्या इतिहासावर मी इतकं वाचलं आहे, आणि प्रत्येक पानावर हा प्रश्न भेटतो. नवं आलं की जुना कारागीर विचारतो, माझ्या हाताचं काय? उत्तर एकच आहे. हात मोकळा झाला!

९ फेब्रुवारी

ठराव मंजूर. पंधरा विरुद्ध एक, दांडा काढून हायड्रॉलिक बसवायचं.

एक म्हणजे अर्थातच पाचर. त्याचं खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. कुठलाही ठराव सरळ चाललेला दिसला की हा माणूस मधे ठोकलाच जातो. उठून म्हणाला, "तेल गळेल. आणि तेल गळायला लागलं की सेक्रेटरी भाषण करतील. त्याने तेल थांबत नाही." सभा हसली. मीही हसलो. विरोधकाला हसवू द्यावं, मग बोलावं.

पण सभा मी जिंकली नाही, रोपवालीने जिंकली, हे कबूल केलं पाहिजे. ती फळझाडांची कलमं करते. एरवी चार शब्द बोलत नाही. उठली आणि म्हणाली, "मला तो दांडा उचलवत नाही. म्हणून दर हंगामात माझी जमीन चार दिवस दादांची वाट बघते. दादा कधी नाही म्हणाले नाहीत. पण मला वाट बघायचा कंटाळा आलाय." एवढंच. मी वीस मिनिटांत जे केलं ते तिने चार वाक्यांत.

दादा नेहमीसारखा शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून. किती वर्षं सांगतो, पुढे येऊन बस, सेक्रेटरीचा भाऊ आहेस. ऐकत नाही. मताच्या वेळी माझी नजर त्याच्यावरच होती. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला.

पटवून देता आलं. घरच्या माणसाला पटवणं सर्वांत अवघड असतं.

१७ फेब्रुवारी

मिस्त्री कालपासून शेडमध्ये आहे. कमी बोलतो, हात चालतो. इंजिनजवळ पंप बसला, सीटखाली तेलाची टाकी, मागे सिलेंडर आणि दोन उचलणारे हात. काळ्या नळ्या मडगार्डच्या कडेने मागे गेल्या आहेत. बघत राहावं असं काम.

जुना दांडा काढताना मिस्त्री थबकला. कमरेइतका उंच दांडा, खाली दातेरी कमान. दांडा ओढला की कमानीच्या एकेका दातात अडकत वर येतो. जितके दात, तितकं अवजार वर. दादाची सगळी भाषा त्या दातांची होती. इथे माती कठीण आहे, एक दात सोड. इथे दगड आहे, तीन दात वर.

मिस्त्रीने विचारलं, "हा वाकवला कोणी?"

दांडा खरंच विचित्र वाकला आहे. सरळ वर यायचा तो मध्येच पुढे झुकतो, मग पुन्हा बाहेर.

"दादाने," मी म्हटलं. "लोहाराकडे नेऊन. सहा वर्षांत तीनदा. दर वेळी थोडा आणखी पुढे. म्हातारपणाची खोड."

मिस्त्री सीटवर चढून बसला. पुढे बघत हात खाली सोडला. हात आपोआप दांड्यावर पडला. तो तसाच बसून राहिला, मग दारात उभ्या असलेल्या दादाकडे त्याने पाहिलं. दादा म्हणाला, "चहा घेणार का मिस्त्री?"

दुसरी एक गंमत. दादाने मडगार्डवर मोटारसायकलचा आरसा बसवला होता. मिस्त्री म्हणाला, "व्हॉल्व्ह इथेच येतो. आरसा काढावा लागेल. दुसरीकडे लावू का?"

मी म्हटलं, "कशाला? भांग पाडायला?"

शेडमधले सगळे खो खो हसले. दादाच्या डोक्यावर चार केस आहेत. तोही हसला. आरसा शर्टाला पुसला आणि खिशात टाकला.

२१ फेब्रुवारी

आजचा दिवस मी विसरणार नाही.

सगळे जमले होते. मिस्त्रीने इंजिन चालू केलं, रोपवालीला सीटवर बसवलं आणि म्हणाला, "ढकला." तिने दोन बोटांनी दांडी ढकलली आणि एवढा जड रिजर, सरी पाडायचं ते धूड, फुलासारखा वर आला. माणसं गप्प झाली. पाचरसुद्धा!

मिस्त्री म्हणाला, "एकच लक्षात ठेवा. दांडी ढकलली म्हणजे अवजार उचललं असं नाही. सकाळी तेल थंड असतं, वेळ लागतो. ढकला आणि मागे बघा. प्रत्येक वेळी."

मला ते वाक्य इतकं आवडलं की मी रंगाचा डबा मागवला आणि आरशाच्या जागी, व्हॉल्व्हच्या शेजारी, मडगार्डवर, स्वतःच्या हाताने लिहिलं: ढकला आणि मागे बघा.

मग बोललो. चाळीस मिनिटं. शेवटी जुना दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, खांद्याला कळ आली तरी धरला, आणि म्हणालो, "ही आपली बावीस वर्षांची बेडी! फाटकाला आडणा करा, वेलाला आधार करा, ज्याला हवा त्याने न्यावा, पण पुन्हा या ट्रॅक्टरवर नको!" आणि फेकला. दगडावर पडून असा वाजला की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर चहापाणी झाल्यावर पाहिलं तर दांडा तिथे नव्हता. कोणीतरी खरंच नेला.

२४ फेब्रुवारी

रोपवाली एका तासात शिकली. काल तिने स्वतःच्या जमिनीचा एक तुकडा स्वतः केला. खाली उतरल्यावर नुसती ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून आली. मला भाषणं करून तीस वर्षं झाली, पण असं उत्तर कधी मिळालं नव्हतं.

दादाचं मात्र काही खरं नाही. दर सरीच्या टोकाला ट्रॅक्टर थांबवतो, खाली उतरतो, मागे जातो, अवजार उचललं का ते बघतो, परत चढतो, वळतो. पुन्हा उतरतो. बांधावरचे लोक हसायला लागले. पाचर म्हणाला, "अरे वा, आता पायी नांगरता येतं!"

मला राहवेना. मी मागून ओरडलो, "दादा! उतरायचं नाही आता! तेवढ्यासाठीच तर केलं ना हे सगळं!"

माझा आवाज दोन शेतं ओलांडतो. त्याला ऐकू आलं नसेल हे शक्यच नाही. पण त्याने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. पुढे बघत तसाच बसून राहिला. चार लोकांत भावाने भावाला अशी वागणूक द्यावी?

मीही मग गेलो नाही त्याच्याकडे.

२७ फेब्रुवारी

दादा आता उतरत नाही. काल आणि आज सलग सरी पाडल्या. शेवटी शिकला. कधीकधी चार लोकांत बोललेलं लागतं माणसाला.

२ मार्च

रोपवालीच्या जमिनीतून पाण्याचा मोठा पाइप आडवा जातो. खडक वर असल्याने तो खोल पुरता आला नाही, जेमतेम वीतभर मातीखाली आहे. दादाला ती जागा पाठ आहे. तिथे आलं की तो दोन दात वर घ्यायचा, पाइप ओलांडला की सोडायचा. बावीस वर्षांत पाइपला ओरखडा नाही.

आज सकाळी सात वाजता पाइप फुटला.

तिच्या राहिलेल्या तुकड्यात दादा सऱ्या पाडत होता. त्याने दांडी वेळेवर ढकलली होती, हे तो सांगतो आणि ते खरं असेल. तेल थंड होतं. रिजर वर आला नाही. त्याने मागे पाहिलं नाही. पाइप फाळात अडकला आणि ट्रॅक्टर त्याला ओढत कलमांच्या वाफ्यात शिरला. एकेचाळीस कलमं. तीन वर्षांची. या हंगामात बाहेर जायची होती.

मी पोचलो तेव्हा पाणी उसळत होतं आणि रोपवाली चिखलात उभी राहून कलमं उचलत होती, एकेक, मुळाची माती न झटकता. ओरडली असती तर बरं झालं असतं. एकदाच म्हणाली, "दादा, तुम्हीच तर मला शिकवलं होतं. इथे दोन दात वर."

दादा सीटवरच बसला होता. हात उजव्या बाजूला खाली सोडलेला. तिथे आता काही नाही, रिकामी जागा आहे. तरी हात तिथेच.

मी विचारलं, "मागे का नाही बघितलंस?"

त्याने हात वाढवून इंजिन बंद केलं.

मडगार्डवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. त्याच्या मांडीशेजारी. वाचता येत नाही का त्याला?

५ मार्च

दैनंदिनीत खोटं लिहायचं नाही असा माझा नियम आहे. आज मी चांगला बोललो. आयुष्यात इतका चांगला बोललो नसेन.

सगळ्यांच्या मनात होतं, सेक्रेटरी भावाला सांभाळून घेणार. म्हणून ठराव मीच मांडला. म्हणालो, "मागे बघायचा नियम आपण केला तो परक्यांसाठी होता का? घरचा माणूस आला की नियमाने बाजूला व्हायचं का? एका माणसाने मागे वळून बघायचा कंटाळा केला आणि एका बाईची तीन वर्षं मातीत गेली. तो माणूस माझा भाऊ आहे, म्हणूनच मी म्हणतो, त्याला ट्रॅक्टरवरून उतरवा!"

टाळ्या पडल्या. पाचर तेवढा म्हणाला, "एकदा विचारा तरी त्याला." मी म्हटलं, "विचारलं. उत्तर दिलं नाही." ठराव मंजूर.

दादा शेवटच्या रांगेतून उठला, सगळ्या खुर्च्यांमधून पुढे आला आणि किल्ली टेबलावर ठेवली. म्हणाला, "छान बोललास, वक्ते. आवाज मागेपर्यंत आला."

मग आधी पाय वळवले, मग सगळं अंग, आणि गेला.

१४ मार्च

लिहायला काही नाही. ट्रॅक्टर उत्तम चालतो आहे. रोपवाली चालवते, आणखी दोघी शिकल्या. कोणी बांधावर उभं नसतं. मला हवं होतं ते सगळं झालं.

दादा घराबाहेर पडत नाही. त्याचं घर शेडच्या मागेच आहे, माझं समोर. आधी रोज सकाळी त्याचा खोकला ऐकू यायचा, मग इंजिनचा आवाज. आता नुसता खोकला.

वहिनी दारात दिसल्या. मी विचारलं, "दादा बरा आहे ना?" म्हणाल्या, "बसलेत." आणि दार लावून घेतलं.

१९ मार्च

मिस्त्री नळ्या आवळायला आला होता. थोडं तेल गळतं आहे. पाचर दोन दिवस सगळ्यांना ते बोट लावून दाखवत फिरतो आहे.

मिस्त्री म्हणाला, "दादा कुठे आहेत?"

मी झालेलं सांगितलं. नेहमीप्रमाणे जरा सविस्तर सांगितलं. तो पाना हातात घेऊन ऐकत होता. मग म्हणाला, "पण त्यांची मान वळत नाही ना."

"म्हणजे?"

"मान वळत नाही त्यांची. पाठपण नाही वळत. तुम्हाला माहीत नाही?"

त्याने पाना मडगार्डवर ठेवला.

"म्हणून तर दांडा वाकवलाय तसा. हात मागे न नेता धरता यावा म्हणून. जशी मान धरत गेली तसतसा पुढे आणला. तीनदा म्हणालात ना तुम्ही? मी बसून बघितलं त्या दिवशी. पुढे बघायचं आणि मागचं हाताने ओळखायचं. अवजार दगडावरून गेलं की दांडा थरथरतो, वर आलं की दांडा वर येतो. आमच्या दांडीला त्यातलं काही कळत नाही. ती नुसती सांगते, ऐकत नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही सख्खे भाऊ. मला वाटलं घरात बोलणं झालं असेल. आरसा दुसरीकडे लावू का म्हणून विचारलं की मी."

तो खाली वाकून नळी आवळायला लागला. माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं, आणि त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

२० मार्च

मागची पानं वाचली. खुर्ची. शेवटची रांग. आरसा. २४ तारीख.

२४ तारखेचं पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. उतरून बघणं हा त्याने काढलेला मार्ग होता. दर सरीला उतरायचा, बघायचा, चढायचा, पन्नास वेळा, त्या पाठीने. बांधावर उभं राहून मी तो बंद पाडला आणि खाली लिहिलं, शेवटी शिकला.

माझ्या पेटीत पुस्तकं आहेत. श्रम, यंत्र, माणूस, न्याय. सगळी वाचलेली, समासात खुणा केलेली. समोर राहणाऱ्या माणसाची मान सहा वर्षं धरत होती आणि मला दिसलं नाही.

२२ मार्च

दादाकडे गेलो. काय बोलायचं ते तीनदा मनात घोळवून गेलो होतो.

वहिनींनी दार उघडलं. आत जाताना दारामागे उभं केलेलं काहीतरी माझ्या पायाला लागून कलंडलं, ते मी धरलं. जुन्या चादरीत गुंडाळलेली लांब वस्तू, मध्येच वाकलेली, चांगलीच जड. पडद्याची सळई असावी.

"त्याला हात लावू नका, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "ते त्यांचं आहे." आणि माझ्या हातातून घेऊन पुन्हा नीट कोपऱ्यात टेकवून ठेवली. माझं लक्ष कुठे होतं, मी माझं पहिलं वाक्य आठवत होतो.

दादा खिडकीशी. या वेळी मी माझी खुर्ची उचलली आणि त्याच्या पुढ्यात मांडली.

त्याने ते पाहिलं. म्हणाला, "मिस्त्री बोलला वाटतं."

पाठ केलेलं सगळं विसरलो. "मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं?"

"हेच. दुखतंय, मान वळत नाही."

"दुखायचं सुरुवातीला. आता दुखत नाही. डॉक्टर म्हणाले, मानेपासून मणके एकमेकांना जुळत चाललेत, आहे ते सांभाळा." मग म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू ठराव आणला असतास."

"नसता आणला!"

"आणलासच की."

आत वहिनींच्या हातातलं भांडं थांबलं. मी खाली बघत होतो. तो बोलला तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता, त्यात राग नव्हता, आणि तेच सहन होईना.

"सोळा जणांची जमीन मला हाताने माहीत आहे. डोळ्यांनी कोणीही बघेल. तो दांडा हातात असला की मला वाटायचं, मागे बघायची काय गरज आहे? सगळं हातात येतंच आहे."

"मग हात वर का केलास? सभेत? माझ्या बाजूने?"

"ती पोर चार दिवस वाट बघायची ते मलाही दिसत होतं. तुझं बोलणं बरोबर होतं, वक्ते. तुझं नेहमी बरोबरच असतं."

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "दर सभेत तुमचं भाषण ऐकायला शेवटच्या रांगेत बसायचे. पुढे बसलं की कोण काय म्हणतंय ते मागे वळून बघता येत नाही ना. मागून सगळे दिसतात. कोण कधी मान डोलावतं ते बघायचे. घरी येऊन मला सांगायचे."

२५ मार्च

मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. विचारलं, हायड्रॉलिक राहू दे, पण हाताला कळेल असं काही करता येईल का?

त्याने खडू घेतला आणि शेडच्या फरशीवर काढून दाखवलं. अवजार उचलणाऱ्या हाताला एक सळई जोडायची, ती पुढे सीटपर्यंत आणायची, तिला दांडा लावायचा. उचलायचं काम तेल करील. दांडा फक्त अवजाराबरोबर वर-खाली होईल, थरथरेल. त्यावर हात ठेवून बसायचं. मागे न बघता मागचं कळेल.

रोपवाली शेजारी उभी होती. मला वाटलं ती विरोध करील, तिचा हक्क आहे. ती म्हणाली, "मलाही लावा. धूळ उडाली की मागचं काही दिसत नाही. मला दांडा नको होता कारण तो जड होता. त्यातून जे कळायचं ते नको, असं मी कधी म्हटलं होतं?"

खरंच, कधी म्हटलं होतं? ते मी म्हटलं होतं. तिच्या वतीने. चाळीस मिनिटं.

मिस्त्री म्हणाला, "पण दांडा तोच हवा. तो वाक मला नव्याने काढता येणार नाही. नाहीतर दादांना सीटवर बसवून माप घ्यायला हवं."

दादा येणार नाही. विचारून आलो. म्हणाला, "ठराव झालाय. सभेने उतरवलेला माणूस मापं द्यायला कशाला चढेल?"

म्हणजे तो दांडा. जो मी फेकला.

२८ मार्च

तीन दिवस दांडा शोधतो आहे. फाटकं बघितली, वेलांचे आधार बघितले, दोन विहिरींत वाकून बघितलं. लोक विचारतात, काय हरवलं? मी सांगतो. ते हसत नाहीत, हे जास्त वाईट आहे.

पाचरच्या फाटकाचा आडणा लाकडी निघाला. तो म्हणाला, "सेक्रेटरी, तुम्हीच म्हणालात ना, ज्याला हवा त्याने न्यावा?"

"म्हणालो."

"मग ज्याला हवा होता त्याने नेला. इकडे काय शोधता?"

नेहमीचं वाकडं बोलणं. पुढे गेलो.

३० मार्च

उद्या सभा बोलावली आहे, शेडमध्येच. वहिनींना विचारलं, दादा येईल का? म्हणाल्या, "यायला कशाला हवं? तुमचा आवाज घरात येतोच."

भाषण लिहून झालं. तीस वर्षांतलं सर्वांत लहान. पाणी प्यायला थांबायची जागा नाही.

"सामाईक ट्रॅक्टरच्या भागीदारांनो, तुमच्याबद्दल मी इतकी वर्षं बोललो आणि तुम्हाला एकदाही विचारलं नाही, ही तुमची तक्रार असायला हवी होती. तुम्ही केली नाहीत. माझ्या भावानेही केली नाही.

त्याने मागे वळून बघायचा कंटाळा केला, असं मी तुम्हाला सांगितलं. ते खोटं होतं. त्याची मान वळत नाही. सहा वर्षं वळत नाही. त्या सहा वर्षांत त्याने तुमच्यापैकी कोणाच्या जमिनीत एक चूक केलेली मला दाखवा. पहिली चूक झाली ती मी त्याच्या हातातला दांडा काढल्यावर, आणि तो उतरून खात्री करत होता तेव्हा मी त्याच्यावर ओरडल्यावर. कलमं माझ्यामुळे गेली. ५ मार्चचा ठराव मी मांडला होता, तो मी मागे घेतो. त्याच्यावर मत द्या, भाषणावर नको.

हायड्रॉलिक राहील. ते चांगलं आहे. पण त्याला हात जोडायचा आहे, आणि त्यासाठी तो जुना दांडा हवा. तुमच्यापैकी कोणीतरी तो नेला. बरं केलं. मी फेकला आणि कोणीतरी उचलून ठेवला, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

तो कोणाकडे आहे हे मी विचारणार नाही. उद्या सकाळी सात वाजता मी शेडचं दार उघडून ठेवीन आणि घरात जाऊन बसेन. खिडकीतून बघणार नाही. ज्याच्याकडे तो दांडा आहे त्याने यावं आणि तो ट्रॅक्टरवर, उजव्या हाताला, त्याच्या जागेवर आणून ठेवावा."